सनद कागदावर, सत्ता पैशाकडे : ओपनएआयमधील संघर्ष आपल्याला काय शिकवतो?

१७ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील ओपनएआय या कंपनीच्या संचालक मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम ऑल्टमन यांना पदावरून काढून टाकले. साऱ्या जगाला वेड लावणारे चॅटजीपीटी याच कंपनीचे. पुढचे पाच दिवस जगभरची वृत्तपत्रे या एकाच बातमीने भरून गेली. २१ तारखेच्या रात्री निर्णय फिरला. ऑल्टमन परत त्याच खुर्चीवर बसणार हे ठरले आणि त्यांना काढणाऱ्या चौघांपैकी तिघांना मंडळ सोडावे लागले.

या घटनेच्या दोन कथा आपल्याकडे सांगितल्या जातात. पहिली कथा अशी की, एका कर्तबगार माणसाला काही मत्सरी, अननुभवी संचालकांनी काढले, पण सत्याचा विजय झाला. दुसरी कथा अशी की, मानवजातीच्या सुरक्षेची काळजी असलेले काही सज्जन एका नफेखोर माणसाविरुद्ध लढले आणि हरले. मित्रांनो, या दोन्ही कथांत एक समान दोष आहे. दोन्ही कथा माणसांच्या स्वभावावर उभ्या आहेत. चांगला कोण आणि वाईट कोण, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. व्यवस्थेचा प्रश्न त्या विचारतच नाहीत.

व्यवस्थेचा प्रश्न असा आहे : एखादी शक्तिशाली गोष्ट धोकादायक ठरू लागली तर ती थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि तो अधिकार नुसता कागदावर आहे की तो बजावण्याची ताकदही त्याच्याकडे आहे?

काही जण म्हणतील, सॅन फ्रान्सिस्कोच्या श्रीमंतांच्या भांडणाशी आपले काय देणेघेणे? देणेघेणे आहे. आज वस्तीतला विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज चॅटजीपीटीकडून लिहून घेतो, कार्यकर्ता पत्रकाचा मसुदा त्यालाच विचारतो. नोव्हेंबर २०२५ पासून या कंपनीने आपली ‘चॅटजीपीटी गो’ ही योजना भारतात एक वर्ष फुकट देऊ केली. जी वस्तू आपल्या हातात फुकट येते तिचा लगाम कोणाच्या हातात आहे, हे विचारणे शहाणपणाचे आहे. म्हणून हा इतिहास सुरुवातीपासून पाहू.

धर्मादाय संस्था म्हणून जन्म

११ डिसेंबर २०१५ रोजी ओपनएआयची घोषणा झाली ती कंपनी म्हणून नव्हे, तर ना-नफा संस्था म्हणून. सॅम ऑल्टमन आणि इलॉन मस्क हे तिचे सहअध्यक्ष होते. इल्या सुत्स्केव्हर हे नामवंत शास्त्रज्ञ संशोधनाचे प्रमुख होते आणि ग्रेग ब्रॉकमन तांत्रिक प्रमुख. देणगीदारांनी मिळून १०० कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. हेतू असा सांगितला की, कृत्रिम बुद्धिमत्ता सगळ्या मानवजातीच्या भल्यासाठी विकसित करायची, नफा कमावण्याचे बंधन नको. गूगलसारख्या एका बलाढ्य कंपनीच्या हाती ही विद्या एकवटू नये, ही त्यामागची मोठी प्रेरणा होती.

म्हणजे संस्थेच्या जन्मातच एक बरोबर विचार होता. ज्ञानाची मक्तेदारी धोकादायक असते, हा तो विचार. हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

परंतु जाहीर झालेले १०० कोटी डॉलर आले नाहीत. ओपनएआयनेच पुढे दिलेल्या हिशेबाप्रमाणे देणग्यांची एकूण रक्कम १३ कोटी डॉलरच्या आसपास राहिली. आणि २०१७ पर्यंत संस्थापकांच्या लक्षात आले की या कामाला नुसती हुशार माणसे पुरत नाहीत. प्रचंड संख्येने संगणक लागतात, वीज लागते आणि त्यासाठी अब्जावधींचा पैसा लागतो. इथून भांडणाला सुरुवात झाली.

पहिले भांडण : मालक कोण?

पैसा उभा करण्यासाठी नफ्याची शाखा काढावी, यावर २०१७ मध्ये संस्थापकांत चर्चा झाली. ओपनएआयने नंतर प्रसिद्ध केलेल्या पत्रव्यवहारानुसार मस्क यांना त्या नव्या कंपनीत बहुसंख्य हिस्सा, सुरुवातीला मंडळावर नियंत्रण आणि मुख्य अधिकाऱ्याचे पद हवे होते. टेस्लामध्ये ही संस्था विलीन करावी, असाही विचार पुढे आला. सप्टेंबर २०१७ मध्ये सुत्स्केव्हर आणि ब्रॉकमन यांनी मस्क व ऑल्टमन या दोघांनाही उद्देशून एक पत्र लिहिले. त्यात मस्क यांना त्यांनी स्पष्ट सांगितले की, एका माणसाची हुकूमशाही येऊ नये म्हणून आपण ही संस्था काढली आणि आता आपणच अशी रचना करत आहोत जिच्यात तुम्ही हुकूमशहा होऊ शकता. ऑल्टमन यांनाही त्यांनी सोडले नाही. तुम्हाला मुख्य अधिकाऱ्याचे पद इतके का हवे आहे हे आम्हाला कळत नाही, असे त्यांना विचारले. ही पत्रे पुढे मस्क यांच्या खटल्यात उघड झाली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मस्क यांनी मंडळ सोडले. टेस्लाच्या कामाशी हितसंबंधांचा संघर्ष होऊ नये, असे त्याचे जाहीर कारण देण्यात आले.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. ‘सुरक्षा’ हा शब्द प्रत्येक जण वापरत होता. मस्कही वापरत होते, ऑल्टमनही. पण वाद सुरक्षेच्या पद्धतीवर नव्हता. वाद ताब्याचा होता. प्रत्येकाला वाटत होते की ही शक्ती ‘माझ्या’ हातात असेल तरच ती सुरक्षित राहील. ज्यांच्या हाती सत्ता असते त्या सगळ्यांनाच असे वाटत असते.

सनद लिहिली गेली, दारही उघडले गेले

एप्रिल २०१८ मध्ये ओपनएआयने आपली सनद प्रसिद्ध केली. तिच्यात असे म्हटले आहे की संस्थेचे पहिले कर्तव्य मानवजातीप्रती आहे. माणसाइतके किंवा त्याहून सक्षम यंत्र सुरक्षितपणे बनवण्याच्या जवळ दुसरी एखादी जबाबदार संस्था पोहोचली, तर आम्ही तिच्याशी स्पर्धा थांबवू आणि तिला मदत करू, असे वचनही तिच्यात आहे. कोणत्याही कंपनीच्या कागदपत्रांत सापडणार नाही असे हे वचन आहे.

वर्षभरात, मार्च २०१९ मध्ये, या ना-नफा संस्थेने आपल्या पोटात नफ्याची कंपनी काढली. गुंतवणूकदारांच्या नफ्याला मर्यादा घातली, पण ती मर्यादा पहिल्या फेरीच्या गुंतवणूकदारांसाठी मूळ रकमेच्या शंभरपट होती! वर मालकी ना-नफा संस्थेच्या मंडळाची, खाली नफ्याची कंपनी. गुंतवणूकदारांना लेखी बजावले गेले की ही गुंतवणूक देणगी समजून करा, नफा मिळेलच असे नाही, संस्थेचे ध्येय तुमच्या नफ्याच्या वर आहे.

आपल्याकडे धर्मादाय ट्रस्टने कॉलेज काढावे आणि कॉलेजचा धंदा ट्रस्टपेक्षा शेकडो पटीने मोठा व्हावा, असे अनेकदा घडते. कागदावर विश्वस्त मालक असतात. परंतु पुढे विश्वस्त कॉलेज चालवतात की कॉलेज विश्वस्तांना चालवते, हे जाणकारांना सांगावे लागत नाही. ओपनएआयमध्ये नेमके हेच झाले. जुलै २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने १०० कोटी डॉलर गुंतवले. पुढे वर्षागणिक वाढत हा आकडा सुमारे १३०० कोटी डॉलरपर्यंत गेला. शिवाय ओपनएआयचे संगणक मायक्रोसॉफ्टचे होते. मंडळाच्या हाती सनद होती आणि मायक्रोसॉफ्टच्या हाती यंत्रे होती.

दुसरे भांडण : फुटून निघालेले

२०१९ च्या फेब्रुवारीत ओपनएआयने जीपीटी-२ हे भाषेचे मॉडेल तयार केले तेव्हा गैरवापराच्या भीतीने ते एकदम खुले केले नाही. टप्प्याटप्प्याने देत नोव्हेंबरमध्ये पूर्ण खुले केले. त्यावर काहींनी टीका केली, काहींनी टिंगल केली. पण निदान थांबून विचार करण्याची ती एक पद्धत होती. २०२० मध्ये जीपीटी-३ आले तेव्हा पद्धत बदलली होती. ते विकायची वस्तू झाले आणि सप्टेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टला त्याचा खास परवाना मिळाला.

याच वर्षाच्या अखेरीस संशोधनाचे उपाध्यक्ष दारिओ अमोदेई यांनी संस्था सोडली. सुरक्षा व धोरण विभागाच्या उपाध्यक्ष असलेल्या त्यांच्या भगिनी डॅनिएला अमोदेई आणि इतर अनेक सहकारीही बाहेर पडले. २०२१ मध्ये त्यांनी अँथ्रॉपिक ही नवी कंपनी काढली. नेतृत्वावरचा विश्वास आणि सुरक्षेबद्दलची दृष्टी हे या फुटीचे कारण होते, असे त्यांनी पुढे सांगितले. त्यांनी आपली कंपनी ‘सार्वजनिक हिताची कंपनी’ या कायदेशीर प्रकारात नोंदवली आणि संचालक निवडण्यासाठी एक स्वतंत्र विश्वस्त मंडळही नेमले.

त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु इतिहास लिहिताना हेतूबरोबर परिणामही पाहावा लागतो. परिणाम असा झाला की शर्यतीत आणखी एक धावपटू उतरला. त्यांनाही संगणक लागले, पैसा लागला. तो ॲमेझॉन आणि गूगल यांच्याकडून आला. ज्या गूगलच्या मक्तेदारीच्या भीतीने ओपनएआय निघाली, त्या ओपनएआयमधून सुरक्षेच्या काळजीने फुटलेली कंपनी गूगलचेच पैसे घेऊन उभी राहिली. यात कोणाची बदनामी करायची नाही. भांडवलाचे गुरुत्वाकर्षण किती मोठे असते, एवढेच दाखवायचे आहे.

आपल्या चळवळीतले कार्यकर्ते हे वाचून मनातल्या मनात हसतील. तत्त्वासाठी फुटणे आणि फुटल्यावर त्याच वाटेने चालणे, हा अनुभव आपल्यालाही अनोळखी नाही.

पाच दिवस

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी बाजारात आले. संचालक मंडळातील एक सदस्य हेलन टोनर यांनी नंतर जाहीरपणे सांगितले की मंडळाला याची आगाऊ कल्पना दिली गेली नव्हती. त्यांना ते ट्विटरवरून कळले. ज्या मंडळाने सुरक्षेवर देखरेख करायची त्याला वस्तू बाजारात गेल्यावर कळते, यावरून देखरेखीची काय अवस्था होती ते समजून घ्यावे.

२०२३ साल दोन तोंडांनी बोलणारे होते. मे महिन्यात ऑल्टमन यांनी अमेरिकन सिनेटसमोर सांगितले की या तंत्रज्ञानावर सरकारी नियंत्रण हवे. त्याच महिन्यात एका निवेदनावर त्यांनी सही केली ज्यात कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका महामारी आणि अणुयुद्धाच्या रांगेत ठेवला होता. जुलैमध्ये ओपनएआयने सुत्स्केव्हर आणि यान लायके यांच्या नेतृत्वाखाली सुरक्षेचे एक खास पथक जाहीर केले आणि तोपर्यंत मिळवलेल्या संगणकशक्तीपैकी २० टक्के पुढील चार वर्षांत त्या पथकाला देण्याचे वचन दिले. दुसऱ्या बाजूला नवनवी उत्पादने बाजारात येतच होती.

त्या वर्षी तीन सदस्य मंडळातून बाहेर पडले होते आणि नऊचे मंडळ सहाचे झाले होते. ऑल्टमन, ब्रॉकमन, सुत्स्केव्हर हे आतले. हेलन टोनर, ताशा मॅकॉली आणि ॲडम डी’अँजेलो हे बाहेरचे. ऑक्टोबरमध्ये टोनर यांच्या सहलेखनाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात संयमाच्या बाबतीत अँथ्रॉपिकचे उदाहरण ओपनएआयच्या तुलनेत बरे ठरवले होते. ऑल्टमन नाराज झाले. दरम्यान सुत्स्केव्हर यांनी बाहेरच्या तीन संचालकांसाठी ५२ पानांचे एक टिपण तयार केले होते. ऑल्टमन यांच्या वागण्यात खोटेपणा आहे, असा त्यात आरोप होता. हे सुत्स्केव्हर यांनीच २०२५ मध्ये न्यायालयीन साक्षीत सांगितले. त्यातला बराचसा पुरावा तांत्रिक प्रमुख मीरा मुराती यांच्याकडून आलेला होता.

१७ नोव्हेंबरला चौघांनी मिळून निर्णय घेतला. निवेदनात एकच कारण दिले : ऑल्टमन मंडळाशी सातत्याने मनमोकळे वागत नव्हते. मायक्रोसॉफ्टला घोषणेच्या केवळ थोडे आधी कळवले गेले. ब्रॉकमन यांनी राजीनामा दिला. मुराती हंगामी प्रमुख झाल्या. रविवारी त्यांच्या जागी एमेट शिअर आले. सोमवारी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जाहीर केले की ऑल्टमन आणि ब्रॉकमन आमच्याकडे येत आहेत. आणि त्याच दिवशी कर्मचाऱ्यांचे पत्र आले : मंडळाने राजीनामा द्यावा, नाहीतर आम्हीही मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊ. सुमारे ७७० कर्मचाऱ्यांपैकी ७०० हून अधिक लोकांनी त्यावर सह्या केल्या. त्यात मुराती यांची सही होती. खुद्द सुत्स्केव्हर यांचीही होती. आपल्या कृतीचा पश्चात्ताप होतो, असे त्यांनी जाहीर केले.

याच सुमारास कर्मचाऱ्यांना आपले शेअर्स विकता येतील असा व्यवहार ठरत होता. कंपनीची किंमत त्यात ८६०० कोटी डॉलर धरली होती. ऑल्टमन गेले असते तर हा व्यवहारही धोक्यात होता. सगळ्यांनी पैशासाठीच सह्या केल्या असे मी म्हणणार नाही. परंतु निष्ठा आणि हितसंबंध एकाच बाजूला उभे असले की निष्ठेला फार बळ येते, एवढे खरे.

कागदावर मंडळाचा अधिकार पूर्ण होता. गुंतवणूकदारांना मत नव्हते, मायक्रोसॉफ्टची मंडळावर खुर्ची नव्हती. कायद्याने कोणी त्यांना रोखू शकत नव्हते. आणि तरीही पाच दिवसांत ते हरले. कारण पैसा, यंत्रे आणि माणसे ही तिन्ही दुसऱ्या बाजूला होती.

‘हा सुरक्षेचा वाद नव्हताच’ या आक्षेपाचे काय?

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. नव्या मंडळाने विल्मरहेल या वकिली संस्थेकडून चौकशी करून घेतली. मार्च २०२४ मध्ये तिचा निष्कर्ष जाहीर झाला : ऑल्टमन यांना काढण्यामागे उत्पादनाच्या सुरक्षेची किंवा विकासाच्या वेगाची चिंता नव्हती. मंडळाचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला होता. आणि त्यांचे वर्तन पदावरून काढण्याइतके नव्हते. ऑल्टमन परत मंडळावर आले. पूर्ण अहवाल मात्र प्रसिद्ध झाला नाही, फक्त सारांश आला.

हा निष्कर्ष आपण जसाच्या तसा मान्य केला तरी मूळ प्रश्न संपत नाही. सुरक्षेवर देखरेख करायची म्हणजे काय करायचे? आतली खरी माहिती मिळाली तरच देखरेख होते. टोनर यांनी पुढे आरोप केला की कंपनीच्या सुरक्षा प्रक्रियांबद्दलही ऑल्टमन यांनी मंडळाला चुकीची माहिती दिली होती. हा आरोप खरा असेल तर ‘विश्वास’ आणि ‘सुरक्षा’ हे दोन वेगळे विषय उरत नाहीत. ज्या पहारेकऱ्याला खोटे सांगितले जाते त्याच्या पहाऱ्याला अर्थ नसतो.

परंतु मंडळाचा दोषही लपवायचे कारण नाही. त्यांनी कारणे उघड सांगितली नाहीत. पुरावा जनतेसमोर ठेवला नाही, कर्मचाऱ्यांनाही विश्वासात घेतले नाही. बंद दाराआड चार जणांनी ठरवायचे आणि बाकीच्यांनी ते मानायचे, ही पद्धत मानवजातीच्या नावाने चालवली तरी लोकशाहीची होत नाही. लोकांना कारण कळले नाही म्हणून लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. अधिकार बजावणाऱ्याने कारण देणे हे उपकार नसून कर्तव्य असते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत जे इशारे दिले त्यांची इथे आठवण होते. राजकीय क्षेत्रात समता द्यायची आणि आर्थिक-सामाजिक क्षेत्रात विषमता ठेवायची, ही विसंगती टिकवली तर लोकशाहीची इमारतच कोसळेल, असे त्यांनी बजावले होते. विभूतिपूजेचा मार्ग अखेर हुकूमशाहीकडे जातो, असेही सांगितले होते. ते देशाबद्दल बोलत होते, कंपनीबद्दल नाही. पण तपासून पाहा. सनदेने दिलेला अधिकार एकीकडे आणि आर्थिक ताकद दुसरीकडे, ही विसंगती ओपनएआयमध्ये होती. ती पाच दिवसांत कोसळली. आणि ‘हा माणूस नसेल तर आम्ही कोणीच नाही’ असे ७०० उच्चशिक्षित लोकांनी लिहून दिले.

जागल्यांचे तोंड बंद

पुढच्या वर्षी उरलेसुरले पडदेही गळाले. मे २०२४ मध्ये सुत्स्केव्हर यांनी कंपनी सोडली. पाठोपाठ लायके यांनी राजीनामा दिला आणि जाहीरपणे लिहिले की चकचकीत उत्पादनांपुढे सुरक्षेची संस्कृती मागे पडली आहे आणि आपल्या पथकाला संगणकशक्तीसाठी झगडावे लागत होते. २० टक्क्यांचे वचन दिलेले ते पथक वर्ष पूर्ण होण्याआधीच विसर्जित झाले.

त्याच महिन्यात उघड झाले की कंपनी सोडणाऱ्यांकडून कंपनीविरुद्ध न बोलण्याच्या करारावर सही घेतली जात होती. सही न केल्यास कमावलेले शेअर्सही गमावण्याची वेळ येऊ शकत होती. डॅनियल कोकोटायलो या संशोधकाने सही नाकारली आणि सुमारे १७ लाख डॉलरवर पाणी सोडण्याची तयारी ठेवली. बोभाटा झाल्यावर कंपनीने माघार घेतली आणि त्या अटी रद्द केल्या. जून २०२४ मध्ये ओपनएआय आणि गूगल डीपमाइंडच्या १३ आजी-माजी कर्मचाऱ्यांनी खुले पत्र लिहून धोक्याची सूचना देण्याचा हक्क मागितला. त्यातील काहींनी नाव न देता सही केली. जगातल्या सर्वाधिक पगाराच्या नोकऱ्यांत असलेल्यांना नाव लपवावे लागते, यावरून धाक किती असेल ते पाहा.

अशा लोकांना मराठी वृत्तपत्रे ‘जागल्या’ म्हणतात. हा शब्द गावगाड्यातून आला आहे. रात्री गावाची राखण करणारा तो जागल्या. आपल्या आजा-पणजांना हे काम माहीत आहे. राखण त्याने करायची, पण गावाच्या निर्णयात त्याला जागा नाही. ओपनएआयच्या सुरक्षा पथकाची अवस्था, पगाराचा फरक सोडला तर, अशीच होती. त्यांना पहारा दिला होता, निर्णय दिला नव्हता.

सुरक्षा कोणाची?

आता या साऱ्या वादात जे बोललेच गेले नाही ते पाहू. संस्थापक असोत, संचालक असोत की फुटून गेलेले असोत, सगळे भविष्यातल्या धोक्याबद्दल बोलत होते. यंत्र उद्या माणसाच्या काबूबाहेर गेले तर काय, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न चुकीचा नाही. पण आजच्या माणसाचे काय?

जानेवारी २०२३ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने केनियातील नैरोबी शहरातील कामगारांची हकिकत छापली. चॅटजीपीटीने घाणेरडे, हिंसक काही बोलू नये म्हणून त्याला आधी घाण ओळखायला शिकवावे लागते. त्यासाठी कोणीतरी माणसाने ती घाण वाचून तिच्यावर खूण करावी लागते. समा नावाच्या कंत्राटदार कंपनीमार्फत हे काम नैरोबीत झाले. बालकांवरील लैंगिक अत्याचार, खून, आत्महत्या, छळ यांची वर्णने त्या कामगारांनी दिवसचे दिवस वाचली. करारात ताशी १२.५० डॉलरचा दर होता. कामगाराच्या हाती ताशी १.३२ ते २ डॉलर पडत होते. वाचलेले मनातून जात नाही, असे त्यांनी सांगितले.

म्हणजे ‘सुरक्षित’ चॅटजीपीटी ज्यांच्या मनाची नासाडी करून तयार झाले, त्यांचा शब्द सनदेत नाही, मंडळात नाही, ७०० सह्यांच्या पत्रात नाही. घाण काढणाऱ्याने घाणीत राहावे आणि स्वच्छतेचे श्रेय दुसऱ्याने घ्यावे, ही रीत आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून सुरक्षेच्या प्रत्येक चर्चेत आपला पहिला प्रश्न असला पाहिजे : कोणाची सुरक्षा, आणि ती कोणाच्या जिवावर?

धडा काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयची नवी रचना झाली. ना-नफा प्रतिष्ठानकडे सुमारे २६ टक्के, मायक्रोसॉफ्टकडे सुमारे २७ टक्के आणि उरलेला हिस्सा कर्मचारी व गुंतवणूकदारांकडे. नफ्यावरची जुनी मर्यादा गेली. संचालक नेमण्याचा अधिकार मात्र प्रतिष्ठानकडे राहिला आणि धोकादायक वाटणारे मॉडेल रोखू शकेल अशी सुरक्षा समितीही आहे. एवढे तरी उरले ते कशामुळे? कंपनीच्या सनदेमुळे नाही. ना-नफा संस्थेचा ताबा सोडण्याची मूळ योजना डिसेंबर २०२४ मध्ये मांडली गेली होती. नागरी संघटनांनी, माजी कर्मचाऱ्यांनी आवाज उठवला, कॅलिफोर्निया आणि डेलावेअर या राज्यांच्या महाधिवक्त्यांनी लक्ष घातले, तेव्हा मे २०२५ मध्ये ती योजना मागे घ्यावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून मोठ्या कंपन्यांना सुरक्षेचे आराखडे जाहीर करणे बंधनकारक केले आणि जागल्यांना संरक्षण दिले.

टोनर आणि मॅकॉली यांनीही मे २०२४ मध्ये एका लेखात हेच मान्य केले होते. नफ्याच्या दबावापुढे कंपनीचे स्वतःवरचे नियंत्रण टिकत नाही, बाहेरून कायदा लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आत बसून, अधिकार हातात घेऊन, वापरून आणि हरून काढलेला हा निष्कर्ष आहे. म्हणून त्याला वजन आहे.

तेव्हा मित्रांनो, या इतिहासातून चार प्रश्न आपण उचलले पाहिजेत आणि ते प्रत्येक सत्तेला विचारले पाहिजेत. कंपनीला, सरकारला, आणि आपल्या स्वतःच्या संस्था-संघटनांनाही.

थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? तो अधिकार बजावला तर पैसा आणि साधने कोणाच्या बाजूला उभी राहतील? निर्णयाची कारणे लोकांसमोर लेखी ठेवली जातात का? आणि आतला माणूस पोटावर पाय न येता खरे बोलू शकतो का?

या चार प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर सनद कितीही सुंदर असो, ती भिंतीवरची तसबीर आहे. चांगल्या माणसांच्या भरवशावर सुरक्षा सोडायची नसते. ती कायद्याने मागायची असते, संघटनेने राखायची असते. उद्या आपल्या शिष्यवृत्तीचे, नोकरीचे, रेशनचे निर्णय एखादे यंत्र घेऊ लागेल, तेव्हा ‘ते यंत्र थांबवायचे कोणी?’ हा प्रश्न विचारायला आपल्यातला कोणीतरी त्या बैठकीत बसलेला असला पाहिजे. बाहेर राखण करायला नव्हे, आत निर्णय घ्यायला.